‘ग’च्या खालची अर्धी रेघ

सर यायचे त्या दिवशी आमच्या दुकानातले पंखे बंद असत. नांदेडचा एप्रिल, डोक्यावर पत्रा, समोर दोन कॉम्प्युटरची ऊब आणि पंखे बंद. सरांचे कागद सुटे असायचे आणि त्यातला एक जरी जागचा हलला तरी ते पहिल्यापासून सगळे मोजायला घ्यायचे. आमचे मालक पहिल्या खेपेला नुसते घाम पुसत बसले. दुसऱ्या खेपेपासून सरांची रेक्झिनची पिशवी दारात दिसली की त्यांना बाहेरची कामं आठवायला लागली.

मला पळून जायची सोय नव्हती. मी तिथे डीटीपी करायचे. लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका, वाढदिवसाचे बॅनर, जे येईल ते. लहानपणी मी पेटीच्या दोन परीक्षा दिल्या होत्या, हे कुणीतरी सरांच्या कानावर घातलं होतं. टायपिंगही येतं आणि सारेगमही वाचता येतं अशी बाई साऱ्या नांदेडात मी एकटीच, असा त्यांनी पक्का समज करून घेतला. दुसऱ्या परीक्षेत मी जेमतेम पास झाले होते, तेही मी सांगून टाकलं. म्हटलं, निदान यामुळे तरी सुटका होईल. सर म्हणाले, "जेमतेम आहात तेच बरं हाय ताई. लई शिकलेले लोक दुरुस्त्या करतात."

लातूरच्या एका मुलींच्या शाळेत त्यांनी उभी हयात संगीत शिकवलं. निवृत्तीनंतर त्यांच्या बरोबरीचे शिक्षक प्लॉट बघत हिंडायला लागले, आणि सर चाकूरला मोठ्या बहिणीकडे जाऊन बसायला लागले. तिला ते अक्का म्हणायचे, म्हणून पुढे मीही अक्काच म्हणायला लागले. अक्काला अक्षरओळख नव्हती. गाणी मात्र एवढी होती की सरांनी मोजायचं सोडून दिलं होतं, आणि सरांनी मोजायचं सोडलं यावरून काय ते समजा. खुरपताना म्हणायची, बारशाची, हळदीची, चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत वस्तीतल्या बायांनी म्हणायची. शब्द कुणीही लिहून घेईल, सर म्हणत, मला चाल पाहिजे. ती चाल ते स्वरलिपीत उतरवून घ्यायचे. स्वराखाली टिंब असलं की तो खालच्या सप्तकातला, वर टिंब असलं की वरच्या, आणि खाली आडवी रेघ असली की तो कोमल, म्हणजे जरा उतरलेला. एवढं कळलं की तुम्हीही ते कागद वाचू शकला असता.

प्रत्येक पानाच्या डोक्यावर तारीख, अक्का तेव्हा कुठलं काम करत होती ते, आणि तिचा सा त्या दिवशी पेटीच्या कुठल्या पट्टीवर होता ते. ‘तूर निवडताना. काळी चार.’ ‘भाकरी थापताना. काळी तीन. खोकला आहे.’ अक्का एखाद्या जागी अडखळली असेल तर तेवढ्या मात्रा रिकाम्या सोडून खाली लिहिलेलं असे, ‘इथं अक्का थांबली.’ एकदा मला वाटलं, पुढच्या ओळीवरून ती जागा सहज भरता येईल, आणि मी भरली. सरांनी भिंग लावून ती पकडली. रागावले नाहीत. फक्त विचारलं, "हे अक्कानं म्हणलं का तुम्ही म्हणलं?" मी म्हटलं, मी. "मग पुस्तकावर तुमचं नाव टाकावं लागंल," ते म्हणाले, आणि हे ते इतक्या गंभीरपणे बोलले की मी निमूटपणे जागा रिकामी केली. जसं म्हटलं तसं लिहायचं, या एका गोष्टीपुढे त्यांच्याकडे दुसरं काही चालत नसे.

हा माणूस जात्याच काळजीखोर होता. भूकंपात त्यांच्या गावाकडच्या घराची एक भिंत पडली होती. माणसं वाचली, पण भिंतीतल्या फडताळात ठेवलेल्या तरुणपणीच्या वह्या मातीत गेल्या. तेव्हापासून ते कुठलीही वस्तू एका ठिकाणी ठेवत नसत. गाण्यांची एक प्रत लातूरला, एक चाकूरला अक्काच्या पिठाच्या डब्यामागे आणि एक नांदेडला आमच्या दुकानाच्या कपाटात. मी एकदा गमतीनं विचारलं, तिन्ही गावांत एकदम भूकंप झाला तर? आठ दिवसांनी सर आले तेव्हा त्यांनी चप्पल काढता काढता विचारलं, हैदराबादला तुमचं कोणी नातेवाईक हाय का? त्यानंतर मी सरांशी गंमत करताना जपूनच करायला लागले.

पेन ड्राइव्ह ते गळ्यात दोरीनं बांधून शर्टाच्या आत ठेवत. काम झालं की ‘आता काढायला हरकत नाही’ असं कॉम्प्युटर सांगायचा, तरी ते काढू द्यायचे नाहीत. मांडीवर बोटांनी मोजत तीनतालाचं एक आख्खं आवर्तन म्हणायचे, सोळा मात्रा, आणि समेवर मला मान हलवून खूण करायचे. मग मी काढायची. मी अजूनही पेन ड्राइव्ह काढताना थांबते. सोळापर्यंत नाही, पण आठापर्यंत तरी थांबते.

पहिलं पान मी टाइप करून त्यांना दाखवलं तो दिवस मी विसरणार नाही. कॉम्प्युटरला सा रे ग म हे शब्द चुकीचे वाटले, आणि त्यानं सवयीप्रमाणे सगळ्यांखाली लाल नागमोडी रेघ ओढली. सर पडद्याजवळ गेले. चष्मा वर केला, खाली केला. मग खुर्चीत बसून त्यांनी पाणी मागितलं. सगळे स्वर कोमल दिसत होते त्यांना, आणि तेही हलणारे. "ताई, हे काय करायलात तुम्ही?" ते म्हणाले. "असं कुणी गाईल का? माणूस मरंल असं गाऊन." त्यांना पटवता पटवता माझा चहा गार झाला. ती लाल रेघ छापून येत नाही, हे मी कागदावर छापून दाखवल्यावरच त्यांनी पाणी पिऊन संपवलं.

सेव्ह या गोष्टीचीही त्यांना भीती वाटायची. नवं जपून ठेवलं म्हणजे जुनं कुठे गेलं, असा त्यांचा प्रश्न होता, आणि खरं सांगायचं तर तो प्रश्न अगदीच खुळा नव्हता. म्हणून आम्ही रोज नवी फाइल करायचो आणि जुनी तशीच ठेवायचो. फायनल, फायनल दोन, नवीन फायनल, सरांनी पाहिलेली फायनल, खरंच फायनल. फाइलबरोबर त्या दिवशीचा फॉन्टही त्याच फोल्डरमध्ये ठेवायचा, असा त्यांचा आग्रह. माझ्या कॉम्प्युटरवर एवढ्या फायनल झाल्या की मालकांनी एकदा विचारलं, यातली मॅच कुठली? मी तेव्हा हसले होते.

सरांच्या काळजीची लागण व्हायची. सकाळी कुकरची दुसरी शिट्टी व्हायच्या आत त्यांचा फोन येई. लाईट हाय का? काल बंद करताना सगळं नीट बंद झालं होतं का? सत्तेचाळीस पानावर खालचं टिंब आणि रेघ एकमेकांना चिकटलेत का, की ते माझ्या चष्म्याचं हाय? मी चिडून उत्तरं द्यायची, आणि दुकानात गेल्यावर आधी सत्तेचाळिसावं पान उघडायची. वर्षभरात मीही घराचं कुलूप दोनदा ओढून बघायला लागले.

आता अक्काच्या ‘ग’चं सांगते.

अक्काचं एक गाणं होतं. ‘लेक चालली साळंला, हाती पाटी बाई कोरी, मागं वळून बघीना, जीव माझा वरखाली.’ त्यातल्या ‘पाटी’च्या ‘टी’वर ती जो ग लावायची तो शुद्ध नव्हता आणि कोमलही नव्हता. दोघांच्या मधे कुठेतरी होता. एकदा चुकून लागला असता तर सोडून दिलं असतं, पण सरांनी वर्षभरात तेच गाणं अकरा वेळा लिहून घेतलं होतं आणि अकराही वेळा ग तिथेच होता. मग त्यांच्या लक्षात आलं की वस्तीतल्या जुन्या बायांच्या बऱ्याच गाण्यांत तो आहे. त्या बाया एकेक करून गेल्या. आता तो ग लावणारी एकटी अक्का राहिली होती.

पेटीवर तो वाजत नाही, कारण पेटीत दोन पट्ट्यांच्या मधे पट्टी नसते. मी स्वरलेखनाचं एक फुकटातलं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं होतं, पाच ओळींच्या विलायती लिपीचं. त्यात स्वर मांडला की ते वाजवूनही दाखवायचं. मी मोठ्या हौसेनं अक्काचं गाणं त्यात भरलं. त्यानं आधी सा कुठला ते विचारलं, मग ग कुठला ते विचारलं, आणि दोनच उत्तरं पुढे केली. मी एकदा हे निवडलं, एकदा ते. सर डावा कान स्पीकरकडे करून ऐकत होते. पहिल्या वेळी म्हणाले, ही अक्का न्हाई. दुसऱ्या वेळी म्हणाले, हीपण न्हाई. मग म्हणाले, "बंद करा. ह्यानं एकदा ठरवून टाकलं की मग तेच राहतंय."

डावा कान अशासाठी की उजवा जवळजवळ गेला होता. डाव्याचंही फार दिवस खरं नाही, असं इथल्याच एका डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं. बारीक फरक आधी जातील, मोठे आवाज मागून जातील. सरांची बाकीची काळजी आम्ही हसण्यावारी न्यायचो, पण ही तशी न्यायची नव्हती. अक्काचा ग कुठे लागतो हे ओळखणारा कान एकच, आणि तो चालला होता. तो जायच्या आत ‘ग’ कागदावर बरोबर उतरायला हवा होता. बाकी पुस्तक त्यांच्या दृष्टीनं त्या एका खुणेसाठी होतं.

मोबाइलवर रेकॉर्ड का केलं नाही, असं आता कोणीही विचारतं. मीही विचारलं होतं. मोबाइल समोर धरला की अक्का गाणं म्हणायची नाही, रेडिओवरच्या बाईसारखा आवाज काढायची. पदर सावरायची, शब्द साफ करायची, आणि ग सरळ शुद्ध लावायची. लपवून रेकॉर्ड करणं सरांना चोरी वाटायचं. तिचे हात कामात असले की तो ग यायचा, आणि तेव्हा सर शेजारी पाटावर पेन्सिल घेऊन बसलेले असायचे.

कागदावर त्यांनी त्याच्यासाठी स्वतःची खूण केली होती. कोमलची रेघ स्वराच्या रुंदीएवढी असते, ह्याची अर्धी. ‘ग’च्या खाली अर्धी रेघ. ती कुठल्याच फॉन्टमध्ये नव्हती, म्हणून ती मी तयार केली. फॉन्ट बनवायचं एक सॉफ्टवेअर उघडून, कोमलची रेघ उचलून एका रिकाम्या बटणावर नेऊन ठेवली. त्या दिवशी तेवढंच झालं, लाईट गेली. दुसऱ्या दिवशी ती मधोमध कापली. मग ती डावीकडून अर्धी असावी की उजवीकडून, यावर सरांच्या लातूर–नांदेड अशा चार खेपा झाल्या. साडेतीन तासांची एकेक खेप, लोह्याच्या स्टँडवर चहा घेऊन. शेवटी डावीकडून ठरली. छापून हातात दिली तेव्हा सरांनी पट्टीनं मोजली, पुन्हा मोजली, आणि मला म्हणाले, "आता मी बहिरा झालो तरी चालंल." डोळे भरले होते त्यांचे. मी काहीतरी करायचं म्हणून प्रिंटरमधला कागद सारखा करत बसले.

पुस्तक छापायचं सरांच्या जुन्या विद्यार्थिनींनी अंगावर घेतलं. लातूरच्याच एका छापखान्यात छपाई, त्यांच्याच शाळेत प्रकाशन, अक्का पहिल्या रांगेत, आणि आताच्या मुली पुस्तकात बघून गाणं बसवणार. सरांनी माझ्या प्रिंटरवरची पानं भिंग लावून तपासली, सह्या केल्या, आणि जाहीर केलं की आता छापून आलेलं पुस्तक अक्का उघडेल तेव्हाच ते बघतील. आधी बघितलं की चूक दिसणार आणि चूक दिसली की झोप जाणार. मुलींच्या तालमीलाही गेले नाहीत. कान धड नसताना कशाला पोरींना घाबरवा, म्हणाले.

मी छापखान्याला फाइल आणि फॉन्ट पाठवला. चार दिवसांनी तिथून माझ्या मोबाइलवर पानांचे फोटो आले. तेव्हा लग्नसराई होती, समोर दोन नवरदेवांचे बाप पत्रिकेतल्या नावांवरून भांडत होते. मी फोटो सरकवत पाहिले, पान आडवं नाही, मजकूर कापला गेला नाही, एवढं बघितलं आणि अंगठ्याची खूण पाठवली. बांधणीच्या आधीचे सुटे फर्मे, म्हणजे छापील पानांचे गठ्ठे, शाळेतल्या नव्या संगीतबाईंना गेले, आणि त्यांनी मुलींना गाणं बसवलं.

प्रकाशनाच्या दिवशी मी सकाळच्या बसनं लातूरला गेले. सभागृहात खुर्च्या भरत होत्या. गठ्ठ्यातलं एक पुस्तक कोणीतरी माझ्या हातात दिलं. मी कौतुकानं ‘लेक चालली’ काढलं. ‘ग’च्या खाली पूर्ण रेघ होती. मी पुढचं पान काढलं. पूर्ण. मागचं काढलं. पूर्ण. मला आधी वाटलं माझ्या डोळ्यांचंच काहीतरी झालंय, मग कळलं. एवढ्या साऱ्या फायनलमधून मी जो फॉन्ट उचलून पाठवला होता, तो लाईट गेलेल्या दिवसाचा होता. रेघ बटणावर नेऊन ठेवली होती, कापली नव्हती. अक्काचा प्रत्येक ग मी कोमल करून टाकला होता, आणि त्याला स्वतःच्या अंगठ्यानं मंजुरी दिली होती.

सर व्यासपीठाच्या पायरीजवळ अक्काला धरून आणत होते. नवं धोतर नेसलेली माणसं चालतात तसे, जरा अवघडून. मुली रांगेत उभ्या राहिल्या होत्या. आता कोणाला काय सांगायचं? पंधरा दिवस घोकलेलं गाणं पाच मिनिटांत कोण बदलणार? मी पुस्तक मिटून मांडीखाली ठेवलं, जणू त्यानं काही झाकलं जाणार होतं.

अक्कानं पुस्तकाभोवती गुंडाळलेला कागद सोडला. पानावरून हात फिरवला आणि विचारलं, यात मी कुठं हाय? सरांनी पहिल्या पानावरचं तिचं नाव दाखवलं. मग मुली गायल्या. गोड आवाज होते, सुरात होत्या, आणि ‘टी’वर सगळ्यांनी मिळून स्वच्छ कोमल ग लावला. ऐकायला तो वाईट नव्हता. उलट असा हळवा लागला की माझ्या शेजारच्या बाईंनी डोळ्यांना पदर लावला. सर डावा कान पुढे करून हसत होते. त्यांना कळलं नाही. मी अक्काकडे बघत होते. ती मान वाकडी करून ऐकत होती, आणि दुसऱ्या कडव्याला तिचे ओठ मुलींबरोबर हलायला लागले.

टाळ्या थांबल्यावर अक्का भावाला म्हणाली, "लई ग्वाड म्हणल्या पोरी. कुनाचं गानं हाय बाबू हे?"

सर मोठ्यानं हसले. तुझंच हाय की अक्का, म्हणाले, आणि आजूबाजूचे सगळे हसले.

मला ते सहन झालं नाही. चहाच्या वेळी मी सरांना शाळेच्या मागच्या व्हरांड्यात नेलं आणि सगळं सांगितलं. फॉन्टचं, फोटोंचं, अंगठ्याचं. सांगताना मी रडत होते. पान सत्तेचाळीसच्या एका टिंबासाठी सकाळी सातला फोन करणारा हा माणूस आता इथेच कोसळणार, असं मला वाटत होतं. सरांनी खिशातून भिंग काढलं, माझ्या हातातल्या पुस्तकावर धरलं, आणि बराच वेळ बघितलं. मग भिंग पुसून खिशात ठेवलं. "घाबरू नका ताई," ते म्हणाले. "अक्का हाय ना अजून." आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना शांत बघितलं, आणि त्यानं मला जास्तच अपराधी वाटलं.

त्यांनी ठरवलं ते असं. प्रती अजून वाटायच्या होत्या, त्या थांबवायच्या. प्रत्येक प्रतीतली त्या ‘ग’खालची प्रत्येक रेघ ब्लेडनं अर्धी खरवडायची, आम्ही दोघांनी बसून. पण त्याआधी चाकूरला जाऊन अक्काकडून गाणी पुन्हा एकदा म्हणवून घ्यायची. मी म्हटलं, जुन्या वह्या आहेत की, त्यात अर्धी रेघ आहेच. सर म्हणाले, वहीवरून पुस्तक दुरुस्त केलं तर ती माझी दुरुस्ती झाली. अक्का जिवंत असताना अक्काला विचारायचं.

आठ दिवसांनी आम्ही गेलो. अक्काचं घर वस्तीच्या टोकाला, दोन खोल्या आणि पुढे पत्र्याची पडवी. ती सूप घेऊन ज्वारी निवडत बसली होती. मला तिनं बाई म्हणून हाताशी बसवून घेतलं, पाणी दिलं, पोरंबाळं विचारली. सर पाट घेऊन तिच्या डाव्या अंगाला नेहमीसारखे बसले. वहीच्या डोक्यावर तारीख टाकली, ‘ज्वारी निवडताना’ असं लिहिलं, मला पट्टी विचारली. मी म्हटलं, काळी तीनच्या आसपास.

अक्का म्हणायला लागली. हात सुपात होते, खडे वेगळे होत होते. ‘लेक चालली साळंला, हाती पाटी…’

तिनं कोमल ग लावला. स्वच्छ, मुलींनी लावला होता तसा.

मी सरांकडे बघितलं. पेन्सिल कागदावर टेकलेली, पण हलत नव्हती. ते अक्काच्या आणखी जवळ सरकले. पुन्हा म्हण अक्का, म्हणाले. तिनं पुन्हा म्हटलं. ग तिथेच.

"अक्का, आधी तुम्ही असं म्हणत नव्हतात," मी न राहवून बोलले.

"चुकत हुते बाई मी," अक्का म्हणाली. खडा उचलून बाजूला टाकला. "आता नीट बसलं. पोरी बुकात बघून म्हणल्या न्हवं."

मी तिला सांगितलं की बुकातच चुकलंय, माझ्या हातून चुकलंय, तुमचंच बरोबर होतं. तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि एखाद्या पोराची समजूत काढावी तशी म्हणाली, "छापल्यालं कसं चुकंल बाई? तुम्ही शिकलेल्या मान्सांनी केल्यालं हाय ते."

शाळेची पायरी न चढलेल्या त्या बाईला मी छापील अक्षर चुकतं हे कसं पटवणार होते? सरांनीही प्रयत्न केला नाही. ते माझ्याकडे वळले. त्यांचा चेहरा पार उतरला होता. "ताई," ते हळू आवाजात म्हणाले, "मला नीट येत न्हाई आता. पहिल्यासारखं वाटतंय, आन् न्हाई पण वाटतंय. तुम्ही सांगा. अर्धी का पूर्ण?"

मला खोटं बोलता आलं असतं. अर्धी म्हटलं असतं तर त्यांनी अर्धी काढली असती, आम्ही ब्लेडं आणली असती, पुस्तकं दुरुस्त झाली असती, आणि माझी चूक मातीआड गेली असती. त्यांना कधी कळलं नसतं. अक्का तर बोलणारच नव्हती. मी तोंड उघडलं आणि ‘अ’ जिभेवर आलाही होता. पण पेन्सिल धरून बसलेल्या त्या माणसाकडे बघून मला ते जमलं नाही.

"पूर्ण, सर."

त्यांनी मान हलवली. ‘टी’च्या वरचा ग लिहिला आणि त्याच्याखाली सावकाश, पट्टी न लावता, या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढली. ती जरा वाकडी आली. मग त्यांनी बहिणीकडे बघितलं.

"बरोबर हाय अक्का," ते म्हणाले. "म्हण पुढचं."